सावित्रीमाईंच्या घराचे उघडे दार

शाळेच्या पुस्तकात सावित्रीबाई फुले भेटतात त्या शिक्षिका म्हणून. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यातली मुलींची शाळा, वाटेत अंगावर पडलेले शेण, जवळ ठेवलेले दुसरे लुगडे, एवढे आपल्या मुलांना पाठ असते. त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग आपण घरात काढत नाही. तो जरा अवघड वाटतो.

१८६३ साली पुण्यात एका ब्राह्मण घरी स्वयंपाक करणारी तरुण विधवा फसली, गरोदर राहिली. तिने लोकलाजेस्तव जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेप होऊन अंदमानला धाडले गेले. शास्त्री म्हणवणारा पुरुष मोकळा राहिला.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मग आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी पत्रके शहरात लावली. ज्या समाजातून अंगावर शेण आले होते, त्याच समाजातल्या बाया रात्री दाराशी येत. त्यांचे बाळंतपण, खाणेपिणे सारे सावित्रीबाईंच्या हातून होई. कोणाचे मूल, कोणी फसवले, हा सवाल तिथे नव्हता.

आता उपासक-उपासिकांनो, एक आकडा नीट पाहा. १८८४ सालच्या जोतीरावांच्या टिपणाप्रमाणे तोवर या घरी पस्तीस विधवा आल्या होत्या आणि त्यांची पाचच मुले जगली होती. पोटात असतानाच केलेल्या अघोरी उपायांनी बाकीची गेली. वीस वर्षांच्या खटपटीचे हे फळ! दुसऱ्या कोणी दार लावून घेतले असते.

अशाच एका विधवेचा मुलगा या निपुत्रिक जोडप्याने १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याला डॉक्टर केले. पण सोयरीक जुळवताना त्याचा जन्म आडवा आला. १८९० साली जोतीराव गेले, तेव्हा टिटवे कोणी धरायचे म्हणून भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या.

आपल्याकडे काय होते? कळमन्याच्या बाजारात मजुरीला जाणाऱ्या एखाद्या पोरीचे पाऊल घसरले, की सांजच्या बुद्धवंदनेत मैत्रीभावना म्हणणारी तोंडेच तिच्या आईला वाळीत टाकायला निघतात. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. त्या गुरूच्या घरी अशा पोरीला जेवायला वाढत होते.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. घरातले लोक आपल्याच आजाऱ्याला सोडून पळत होते. डॉ. यशवंतांनी हडपसरला सासण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचे पोर तापाने फणफणले आहे, असे कळताच त्या तिथे गेल्या. त्याला पाठीवर घेतले आणि चालत मळ्यात आणले. पोर वाचले, असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुढे १९०५ साली पुन्हा प्लेग आला, तेव्हा त्या विधवेचा मुलगा, डॉ. यशवंत, रोग्यांची शुश्रूषा करता करता वारला.