अंध संपादकाची शाळा

मी वर्तमानपत्रात लागलो तेव्हा पत्रकारितेची शाळा असते हे आमच्या गावीही नव्हतं. मुख्य उपसंपादक टेलिप्रिंटरचे कागद पुढ्यात टाकायचे आणि चुकलं की चारचौघांत झापायचे. तीच आमची शाळा. परवा भाची विचारत होती, मामा, मास कम्युनिकेशनचा कोर्स करू का, नोकरी लागेल ना? उत्तराऐवजी मी तिला जोसेफ पुलित्झरची गोष्ट सांगत बसलो.

पुरस्कारामुळे नाव सर्वांना ठाऊक, माणूस मात्र फारसा नाही. १८४७ साली हंगेरीतल्या माको गावी ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. अंगानं काटकुळा, नजर अधू. युरोपातल्या फौजांनी नाकारलं, म्हणून १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात भरती व्हायला हा समुद्र ओलांडून गेला. युद्ध संपलं आणि पठ्ठ्या बेकार! धड इंग्रजीही येत नव्हतं. सेंट लुईस शहरात खेचरं सांभाळली, हॉटेलात वेटरचं काम केलं आणि उरलेला वेळ वाचनालयात इंग्रजी शिकण्यात घालवला. तिथंच म्हणे बुद्धिबळाचा डाव बघताना त्यानं एका चालीवर मत दिलं. खेळणारे निघाले एका जर्मन दैनिकाचे संपादक! १८६८ मध्ये तो त्याच दैनिकात बातमीदार झाला. दहा वर्षांनी लिलावात एक डबघाईला आलेलं पत्र अडीच हजार डॉलरला घेतलं, आणि १८८३ मध्ये न्यूयॉर्कचं ‘वर्ल्ड’.

‘वर्ल्ड’नं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी १८८५ मध्ये वाचकांकडून एक लाखावर डॉलर जमवले, त्यात मुलांनी पाठवलेली नाणीही होती. १८८७ मध्ये नेली ब्लाय ही तरुणी वेडाचं सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात राहिली आणि तिथले हाल तिनं याच पत्रात चव्हाट्यावर आणले. पण नाण्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. हर्स्टशी स्पर्धा जुंपली तेव्हा याच पत्रानं क्यूबाच्या भडक बातम्या छापून १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धाचं वातावरण तापवलं. त्याच युद्धात पेपर विकणाऱ्या पोरांसाठी शंभर अंकांचा दर ५० सेंटवरून ६० केला. युद्ध संपलं, दर उतरला नाही. १८९९ मध्ये पोरांनी संप केला, तेव्हा कुठं न खपलेले अंक परत घ्यायचं कबूल झालं.

तोवर पुलित्झरची दृष्टी जवळजवळ गेली होती. १८९० पासून त्यानं कचेरीची पायरी सोडली. आवाज सोसवेना, म्हणून घरात आवाजबंद खोली बांधून घेतली. चिटणीस वाचून दाखवत, हा ऐके आणि हुकूम सोडी. या काळोखात त्याच्या मनानं एकच घेतलं: पत्रकार शिकवून तयार झाला पाहिजे, वकील-डॉक्टरांसारखा. १८९२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाला पैसे देऊ केले, विश्वस्तांनी नाकारले. १९०३ मध्ये पुन्हा बोलणी झाली, देणगीचा आकडा २० लाख डॉलरवर गेला.

हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांनी सुचवलेल्या अभ्यासक्रमात जाहिरात, वितरण, हिशेब हेही विषय होते. पुलित्झरनं ते साफ उडवून लावले. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, नीती शिकवा, धंदा नको. धंद्यात मुरलेल्या माणसानं हे म्हणावं! मला यात ढोंग दिसत नाही, पश्चात्ताप दिसतो. अर्थात पोरांच्या वाढीव दहा सेंटांचा वाटाही त्या देणगीत असणारच.

सल्लागार मंडळावरून विद्यापीठाशी बिनसलं, आणि शाळा आपल्यामागेच निघावी असं त्यानं ठरवलं. मिसुरी विद्यापीठानं १९०८ मध्येच आपली शाळा काढून बाजी मारली. २९ ऑक्टोबर १९११ रोजी चार्ल्स्टन बंदरात, स्वतःच्या नौकेवर पुलित्झर गेला. सप्टेंबर १९१२ मध्ये कोलंबियात वर्ग भरले. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर त्या विद्यापीठात दाखल झाले, ते मात्र अर्थशास्त्र शिकायला. ‘मूकनायक’ त्यांनी १९२० मध्ये काढलं.

भाचीनं फॉर्म आणला आहे. विषयांच्या यादीत जाहिरात आहे, जनसंपर्क आहे, कायदाही आहे. मी चष्मा लावून इतिहास शोधतो आहे.