कीड मारण्याआधी कारण शोधणारा शास्त्रज्ञ : सर अल्बर्ट हॉवर्ड

विद्यार्थी मित्रांनो, शेतीच्या पुस्तकात तुम्ही कंपोस्ट खताची इंदूर पद्धत वाचली असेल. खड्डा किती खोल, थर कसे द्यायचे, चाळणी किती वेळा, हे सगळं पाठ करून आपण परीक्षेत लिहितो. पण या पद्धतीला इंदूरचं नाव कसं पडलं? ती शोधणारा माणूस कोण होता? आणि खत बनवणाऱ्या या माणसाचं नाव कीटकनाशकांच्या चर्चेत आजही का निघतं? चला, आज त्यांची गोष्ट समजून घेऊया.

जन्म आणि शिक्षण

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचं. त्यामुळे नांगर, गोठा, उकिरडा हे त्यांनी पुस्तकाच्या आधी पाहिलं होतं. पुढे लंडन आणि केंब्रिज येथे त्यांचं विज्ञानाचं शिक्षण झालं.

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावर गेले. तिथे त्यांचं काम होतं पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणं. उसावर रोग आला की नमुना आणायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा. काम चांगलं, पगार चांगला. पण हॉवर्ड यांना एक गोष्ट खटकत होती. आपण दुसऱ्याला उपाय सांगतो, पण तो उपाय स्वतःच्या शेतात करून बघायला आपल्याकडे वीतभर जमीन नाही! रोग बाटलीत बंद करून समजतो का, असा प्रश्न त्यांना पडू लागला.

भारतात आगमन

१९०५ साली ते भारतात आले. बिहारमधील पुसा येथे नवी कृषी संशोधन संस्था उभी राहत होती. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजला संशोधन केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. यापुढचं बरंचसं काम या दोघांनी मिळून केलं, हे आपण विसरता कामा नये. गव्हाच्या सुधारित पुसा जाती याच जोडीच्या कष्टातून आल्या.

पुसाला हॉवर्ड यांना अखेर स्वतःच्या प्रयोगासाठी जमीन मिळाली. आता एक गंमत बघा. शिकवायला आलेला हा साहेब आधी शिकायला बसला. आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं त्यांनी निरखली. कसलीही औषधं न फवारता ती बऱ्यापैकी निरोगी दिसत होती. मग त्यांनी ठरवलं, या शेतकऱ्यांना आणि पिकावरच्या किडींना आपले गुरू मानायचं. शेतकरी सांगेल काय बरोबर चाललंय आणि कीड दाखवेल काय चुकलंय.

मावा काय सांगत होता?

उन्हाळ्यात हॉवर्ड दांपत्य क्वेट्टा येथे (आता पाकिस्तानात) फळझाडांवर काम करत असे. तिथे त्यांनी एक प्रयोग पाहिला. हिवाळ्यात पाणी जास्त झालेल्या पीचच्या झाडांवर वसंतात कोवळी पालवी फुटली आणि तिच्यावर मावा तुटून पडला. आता आपण असतो तर? पंप पाठीवर घेऊन निघालो असतो! हॉवर्ड यांनी तसं केलं नाही. जमीन खोल मोकळी करून त्यांनी मुळांना हवा मिळू दिली. त्यानंतर आलेली नवी पानं स्वच्छ निघाली. एकाच फांदीवर खालची पानं माव्याची आणि वरची निरोगी! मावा तोच, झाड तेच, फक्त मुळांची अवस्था बदलली होती. म्हणजे पानावर दिसणाऱ्या दुखण्याचं मूळ खरोखरच मुळाशी होतं.

गुरांच्या बाबतीतही त्यांना असाच अनुभव आला. त्यांचे बैल सुपीक जमिनीतला चांगला चारा खात. शेजारच्या गुरांना लाळ्या-खुरकूत झाला आणि कुंपणावरून ती गुरं बैलांच्या तोंडाला तोंड लावत होती. तरीही आपल्या बैलांना रोग झाला नाही, असं त्यांनी नोंदवून ठेवलं.

इंदूरचे दिवस

१९२४ मध्ये हॉवर्ड होळकरांच्या इंदूर संस्थानात आले. तिथे त्यांनी वनस्पती संशोधन संस्था उभारली. मुख्य पीक होतं कापूस. जमीन सुपीक ठेवायची तर खत हवं आणि शेण तर घरोघरी चुलीत जळतंय. मग शेतातल्या टाकाऊ मालाचंच खत का करू नये? चीनमधले शेतकरी पिढ्यान् पिढ्या हे करत होते, हे त्यांनी वाचलं होतं. इथे यशवंत वाड हे सहकारी त्यांना मिळाले.

पद्धत साधी होती. पऱ्हाट्या, पाचट, पालापाचोळा आणि उपटलेलं तण गोळा करायचं. पऱ्हाट्या टणक असतात, म्हणून त्या रस्त्यावर टाकायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली आपोआप चुरडतात. मग खड्ड्यात थर द्यायचे : काडीकचरा, त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख. पाणी शिंपडायचं आणि ठरावीक काळाने तीन वेळा चाळणी करायची. सुमारे ३ महिन्यांत खत तयार!

यात तणाचं काय झालं ते लक्षात आलं का? ज्याला आपण शत्रू समजून विष मारतो, ते इथे खताचा कच्चा माल झालं. नीट रचलेला ढीग इतका तापतो की तणाचं बरंचसं बी त्यातच मरून जातं.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचं निधन झालं. पंचवीस वर्षांची सोबत संपली. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, हॉवर्ड आणि वाड यांचं इंदूर पद्धतीवरील पुस्तक प्रसिद्ध झालं आणि हॉवर्ड इंग्लंडला परतले.

शेवटची वर्षे

१९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. अनेक चहा-कॉफीच्या मळ्यांनी त्यांचं कंपोस्ट स्वीकारलं, पण कृषी संशोधन संस्थांमधल्या बऱ्याच तज्ज्ञांना त्यांचं म्हणणं पटेना. १९४० मध्ये त्यांनी आपला सारा अनुभव एका ग्रंथात मांडला. तो वाचून अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेतीचं मासिक सुरू केलं. २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचं निधन झालं. नेमक्या त्याच काळात डीडीटी शेतात पोहोचत होतं. जग उलट दिशेने निघालं होतं.

आपण काय घ्यायचं?

हॉवर्ड यांचं सगळंच बरोबर होतं का? नाही. नुसत्या कंपोस्टने प्रत्येक कीड थांबत नाही. गुलाबी बोंडअळी चांगल्या जमिनीतल्या कपाशीवरही येते. म्हणून आज आपण कामगंध सापळे, मित्रकीटक, निंबोळी अर्क, पिकांची फेरपालट असे उपाय एकत्र वापरतो आणि औषध शेवटी ठेवतो. पण या सगळ्याच्या मुळाशी हॉवर्ड यांचा प्रश्न आहेच : कीड आली, पण का आली?

हा प्रश्न न विचारण्याची किंमत आपण मोजली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक तेच, ज्याच्यासाठी हॉवर्ड इंदूरला आले होते.

मुलांनो, पुढच्या वेळी घरच्या वांग्यावर किंवा भेंडीवर मावा दिसला तर लगेच बाटली शोधू नका. आधी खाली वाका आणि माती हातात घेऊन बघा. पाणी साचलंय का? माती दगडासारखी घट्ट झालीये का? युरिया जास्त पडलाय का? काय दिसलं ते वहीत लिहा आणि वर्गात सांगा. शेतीचा अभ्यास इथूनच सुरू होतो.