मेजर थॉमस कँडी : शब्दांचीं अंगें उलगडणारे कोशकार

कोशाचा उपयोग आपण विहिरीसारखा करतों. तहान लागली कीं पोहरा सोडावा, पाणी काढावें आणि आपल्या वाटेस लागावें. विहीर कोणीं खणली हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ शोधण्यासाठीं मागील पिढ्यांनीं ज्या थोर कोशाचा आश्रय केला, तो तडीस नेणारे गृहस्थ मेजर थॉमस कँडी होत. जन्मानें ते परदेशी. परंतु त्यांचा देह महाबळेश्वरीं, म्हणजे आपल्याच सातारा जिल्ह्यांत पडला. त्यांचें चरित्र सांगूं लागलें म्हणजे शब्द हा लहान लहान सार्थ अंगांनीं कसा घडतो, हेंहि ओघानेंच सांगावें लागतें. कारण कोशकाराचें आयुष्य याच उकलींत जातें.

कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजीं इंग्लंडांतील ईस्ट नॉयल या गांवीं झाला. ऑक्सफर्ड येथील मॅग्डालेन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १८२२ सालीं जॉर्ज या आपल्या जुळ्या भावाबरोबर ते हिंदुस्थानांत आले. पेशवाई बुडून त्यावेळीं चारच वर्षें झालीं होतीं. नव्या राज्यकर्त्यांस रयतेची भाषा येणें अगत्याचें होतें, आणि ती शिकण्यास धड कोश नव्हता कीं धड व्याकरण नव्हतें. कँडी लष्करांत दुभाष्याचें काम करूं लागले. दुभाष्याचें काम वरवर सोपें दिसतें; पण एकाच्या मनांतील अर्थ दुसऱ्याच्या कानीं जसाचा तसा पोंचविण्याची जबाबदारी किती मोठी आहे, हें त्या नोकरीनेंच त्यांस शिकविलें असावें.

त्याच काळांत जेम्स मोल्स्वर्थ हे लष्करी अधिकारी मराठी-इंग्रजी कोशाच्या उद्योगांत होते. हे दोघे बंधु त्यांस येऊन मिळाले. शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें सिद्ध झालेला तो कोश १८३१ सालीं मुंबईस छापून निघाला. पुढें मोल्स्वर्थसाहेबांनीं उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश आरंभिला. पण १८३६ मध्यें ते स्वदेशीं परत गेले आणि तें अपुरें काम थॉमस कँडी यांच्या शिरीं आलें. १८३७ पासून ते पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे देखरेख करणारे अधिकारी होते. विद्वान् शास्त्र्यांचा नित्य सहवास त्यांस तेथें लाभला.

आतां या कामांतील अडचण पाहूं. मराठी शब्दास इंग्रजींत अर्थ देणें ही एक गोष्ट. इंग्रजी शब्दास मराठींत जोडीदार शोधणें ही अगदीं निराळी. इंग्रजी शब्द बहुधा एकटा येत नाहीं, कुटुंब घेऊन येतो. ‘हॅपी’ हा शब्द घ्या. त्याच्या पुढें ‘अन्’ लागला कीं ‘अनहॅपी’, मागें ‘नेस’ लागला कीं ‘हॅपिनेस’, आणि दोन्ही लागले कीं ‘अनहॅपिनेस’. या शेवटल्या शब्दाचीं तीन अंगें आहेत आणि प्रत्येकास अर्थ आहे. यांहून लहान तुकडे पाडले तर नुसते ध्वनि उरतील, अर्थ उरणार नाहीं. अशा सार्थ अंगांपैकीं जें पुढें जोडलें जातें तें उपसर्ग, जें मागें जोडलें जातें तें प्रत्यय, आणि ज्याला तीं जोडलीं जातात तें मूळ. आपल्या व्याकरणास ही कल्पना नवी नाहीं. ‘सुख’ या शब्दापासून ‘सुखी’, ‘असुखी’ आणि ‘सुखीपणा’ हीं रूपें आपणहि करतों.

मग अडचण कोठें? अडचण अशी कीं अंगास अंग मिळालें तरी शब्दास शब्द मिळतोच असें नाहीं. इंग्रजींतील ‘ह्यूमन’ या शब्दास ‘इटी’ प्रत्यय लागून ‘ह्युमॅनिटी’ होतो. ‘इटी’च्या जागीं आपल्याकडे ‘ता’, ‘त्व’, ‘पणा’, ‘की’ असे कितीतरी प्रत्यय हजर आहेत. ‘मनुष्यत्व’ म्हटलें तर मनुष्य असण्याचा धर्म कळतो. ‘माणुसकी’ म्हटलें कीं दुसऱ्याच्या दुःखानें कळवळणारें मन डोळ्यांपुढें उभें राहतें. प्रत्ययाचा अर्थ पाहिला तर दोहोंत फारसें अंतर नाहीं. वापर पाहिला तर महदंतर आहे. इंग्रजी शब्द या दोन्ही अर्थीं चालतो. तेव्हां कोशकारास केवळ तुकडे जोडून भागत नाहीं. लोकांच्या तोंडीं तो तुकडा काय होऊन बसला आहे, हेंहि ऐकावें लागतें.

दुसरें उदाहरण पाहा. ‘अनअवॉयडेबल’ या शब्दांत ‘अन्’ म्हणजे नाहीं, ‘अवॉयड’ म्हणजे टाळणें, आणि ‘एबल’ म्हणजे शक्य किंवा योग्य. संस्कृतांत याचा जोडीदार ‘अपरिहार्य’. त्यांत ‘अ’ हा नकार, ‘परि’ हा उपसर्ग, ‘हृ’ हा धातु आणि शेवटीं ‘य’ हा शक्यतेचा प्रत्यय. दोन्ही शब्दांत नकार आरंभीं व शक्यता शेवटीं, मध्यें क्रिया. जणूं दोन देशांच्या सुतारांनीं एकाच मापानें चौकट केली आहे. परंतु शेतकऱ्यास हाच अर्थ सांगावयाचा असेल तर ‘टाळतां न येण्याजोगें’ असेंच म्हणावें लागेल. पंडिताचा शब्द आटोपशीर. घरचा शब्द लांब, पण तत्काळ समजणारा. चांगल्या कोशांत या दोहोंसहि जागा हवी.

हें साम्य केवळ योगायोगाचें नव्हे. १७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचें मूळ एक असावें, असा विचार मांडला, आणि पुढील शतकांत तो पक्का झाला. इंग्रजीचा ‘अन्’, लॅटिनचा ‘इन्’, आणि ग्रीक व संस्कृत यांचे ‘अ’ व ‘अन्’ हे नकाराचे उपसर्ग एकाच प्राचीन कुळांतले आहेत. शेजारच्या वर्णाप्रमाणें रूप पालटण्याची खोडहि सारखीच. ‘लीगल’च्या आधीं ‘इन्’ आला कीं ‘इल्लीगल’, ‘पॉसिबल’च्या आधीं आला कीं ‘इम्पॉसिबल’, ‘रेग्युलर’च्या आधीं आला कीं ‘इर्रेग्युलर’. आपल्याकडे ‘उत्’ व ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तोच हा प्रकार. संधि पाठ केलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी वर्णलेखनाची ही द्विरुक्ति चुकण्याचें कारण राहत नाहीं.

मात्र प्रत्येक ठिकाणीं उपसर्ग पाहूं नये. ‘अंकल’ यांत नकाराचा ‘अन्’ नाहीं. ‘कॉर्नर’ यांत करणारा दाखविणारा ‘अर’ नाहीं. आपला ‘अजगर’ हाहि ‘अ’ आणि ‘जगर’ असा फुटत नाहीं. ‘अज’ म्हणजे बोकड, ‘गर’ म्हणजे गिळणारा, अशी त्याची फोड आहे. सुरी चालविण्यापूर्वीं सांधा कोठें आहे हें पाहावें.

अंग लहान असलें तरी त्याचें वजन लहान नसतें. ‘अस्पृष्ट’ म्हणजे ज्यास कोणीं स्पर्श केला नाहीं तें. ‘अस्पृश्य’ म्हणजे जें स्पर्शास योग्यच नाहीं तें. इंग्रजींत ‘अनटच्ड’ आणि ‘अनटचेबल’ यांत हाच भेद आहे. पहिल्या शब्दांत घडलेली, किंवा न घडलेली, एक गोष्ट सांगितली आहे. दुसऱ्यांत मनुष्याच्या योग्यतेवरच निकाल दिला आहे. सगळा अन्याय त्या एका ‘य’कारांत, त्या एका ‘एबल’मध्यें सांठला आहे. १९०० सालीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत ज्यांचें नांव दाखल झालें, त्या भीमराव आंबेडकरांस या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागला नाहीं. तो त्यांनीं शाळेंतच भोगला. ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, तिच्या १७ व्या अनुच्छेदानें २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली. शब्दाचीं अंगें ओळखणें ही केवळ परीक्षेपुरती विद्या नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

अशा हजारों शब्दांचीं वजनें तोलीत कँडी यांनीं वर्षानुवर्षें श्रम केले आणि १८४७ सालीं इंग्रजी-मराठी कोश मुंबईस प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं चारच वर्षें, १८४३ मध्यें, सांगलीस विष्णुदास भावे यांनीं सीतास्वयंवर रंगभूमीवर आणून मराठी नाटकाचा पाया घातला होता. आणि १८३६ मध्यें दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण बाहेर पडलें होतें. एका पिढींत व्याकरण, कोश व नाटक अशीं तिन्ही भाषेस लाभलीं. १८५१ मध्यें पुण्याची पाठशाळा व तेथील इंग्रजी शाळा मिळून पुना कॉलेज झालें. पुढें त्याचेंच डेक्कन कॉलेज बनलें. मोल्स्वर्थ परत आले व त्यांच्या कोशाची वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं निघाली. तिच्याहि मुखपृष्ठावर सहाय्यक म्हणून कँडी बंधूंचीं नांवें आहेत.

शाळांसाठीं मराठी पुस्तकें लिहिणें, लिहविणें व तपासणें हें काम कँडी यांनीं पुष्कळ वर्षें केलें. नवनीत या काव्यसंग्रहाचे कर्ते, वाईस जन्मलेले परशुरामतात्या गोडबोले यांच्यासारखे विद्वान् त्यांच्या बरोबरीनें या उद्योगांत होते. १८६० च्या हिंदुस्थानच्या दंडसंहितेचें मराठी भाषांतरहि कँडी यांनीं केलें. कायद्यांत एक प्रत्यय इकडचा तिकडे झाला तर निरपराध्यास शिक्षा व्हावयाची. म्हणून तेथें शब्दांची कसोटी फारच कठीण.

१८५० सालीं विरामचिन्हांवर त्यांचें लहानसें पुस्तक निघालें. मोडी लिहितांना आधीं कागदावर आडवी रेघ ओढीत आणि तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत जात. शब्द तोडण्याची चाल नव्हती, मग वाक्य तोडण्याची कोठून असणार? वाचणाऱ्यानें अर्थ लावून श्वास घ्यावा, असा रिवाज होता. शब्दाचीं अंगें निराळीं दिसलीं म्हणजे शब्द कळतो, तसेंच वाक्याचीं अंगें निराळीं दिसलीं म्हणजे वाक्य कळतें. त्या चिन्हांचीं आजचीं नांवेंहि याच रीतीनें घडलीं आहेत. ‘विराम’ हा ‘वि’ व ‘रम्’ यांपासून. ‘स्वल्प’ हा ‘सु’ व ‘अल्प’ यांपासून. स्वल्पविराम म्हणजे अगदीं थोडें थांबणें!

कँडी यांच्या कामावर दोष आला नाहीं असें नव्हे. त्यांच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या पुस्तकांची भाषा शुद्ध व नेमस्त, परंतु बेचव आहे, तिला इंग्रजी वळण लागलें आहे, असा आक्षेप आला. १८७४ मध्यें सुरू झालेल्या निबंधमालेंत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं अशा परक्या वळणाच्या मराठीवर कडक शस्त्र धरलें. हा आक्षेप खोटा म्हणतां येत नाहीं. एक मनुष्य, तोहि परभाषी, सर्व मुलांच्या पुस्तकांवर हात फिरवूं लागला म्हणजे भाषेचा खडबडीत जिवंतपणा घासून निघावयाचाच. अंगें बरोबर जुळलीं, सांधे बरोबर बसले, तरी शब्दांत प्राण येतो तो बोलणाऱ्याच्या मुखानें. पण ज्यांनीं हा दोष दाखविला, त्यांच्या हातांतील लेखणीस वाक्य नीट तोडण्याची संवय कँडी यांच्याच काळांत लागली होती, हेंहि विसरूं नये.

इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ति १८७३ सालीं निघाली, आणि २६ फेब्रुवारी १८७७ रोजीं महाबळेश्वर येथें या श्रमी पुरुषाचें निधन झालें. हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यास त्यांस चोपन्नाहून अधिक वर्षें झालीं होतीं. त्याच डोंगरावर उगम पावणारी कृष्णा वाईवरून वाहते, माहुलीस वेण्णेस घेते, कऱ्हाडास कोयनेस घेते आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणेस भेटते. याच वाईस पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें, हेंहि आपल्या भागाचें भाग्यच.

विद्यार्थिमित्रांनो, कोश उघडाल तेव्हां शब्दाचा अर्थ पाहून लगेच मिटूं नका. त्याचें मूळ कोणतें, पुढें काय लागलें आहे, मागें काय लागलें आहे, हें पाहा. मग तोच शब्द आपली आई, आपला शेजारी, बाजारांतला माणूस कसा बोलतो, तें कान देऊन ऐका. पहिलें काम कँडीसाहेबांनीं आपल्यासाठीं पुष्कळसें करून ठेविलें आहे. दुसरें ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.