फांदी तोडली की पानंही जातात: डिलीटचा हिशेब बदलणारे एडगर कॉड

फोनमधल्या फाईल मॅनेजरमध्ये जाऊन एखादं फोल्डर डिलीट केलं, तर काय होतं? आतले फोटो, आतली छोटी फोल्डर्स, त्यांच्या आतल्या फाईल्स, सगळं एकदम जातं. कारण ही रचना झाडासारखी असते. फांदी तोडली की तिच्यावरची पानंही गेली.

सोलापुरात इंजिनिअरिंग करताना मी ओळखीतल्या एका चादरीच्या कारखान्यासाठी छोटं ॲप बनवलं होतं. डेटा असाच झाडासारखा ठेवला होता: वर सुताचा व्यापारी, त्याच्याखाली तो देतो ते सूत, त्याचा काउंट आणि भाव. एका व्यापाऱ्याशी व्यवहार बंद झाला, म्हणून मी त्याचं नाव काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्याच्या नावाखालच्या सुताची माहितीही गेली. माग तर त्याच सुतावर चालू होते! बॅकअप घेतलाच नव्हता. मग जुन्या वह्या काढून दोन दिवस सगळं परत भरत बसलो.

चूक माझीच होती. पण ही अडचण किती जुनी आहे आणि तिच्यावर कुणी डोकं चालवलं, हे नंतर वाचलं. त्या माणसाचं नाव एडगर फ्रँक कॉड.

वैमानिक ते प्रोग्रॅमर

कॉड यांचा जन्म 19 ऑगस्ट 1923 चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलँडचा. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शिक्षिका, सात भावंडांत हे धाकटे. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते.

1948 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि आयबीएममध्ये प्रोग्रॅमर झाले. पुढे अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागायला सुरुवात केली. त्याचा राग येऊन कॉड 1953 मध्ये थेट कॅनडात, ओटावाला निघून गेले. 1957 मध्ये ते परत आले. चाळिशीच्या आसपास पुन्हा विद्यार्थी होऊन 1965 मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठातून पीएचडी मिळवली. नंतर ते कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत आले.

झाडाचा जमाना

त्या काळात आयबीएमचं आयएमएस नावाचं सॉफ्टवेअर जोरात होतं. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या अपोलो मोहिमेच्या रॉकेटमधल्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवायला ते बनवलं होतं आणि 1968 मध्ये ते चालू झालं. त्यात डेटा झाडासारखा असायचा. मोठ्या भागाखाली छोटा भाग, त्याखाली आणखी छोटा. यालाच हायरार्किकल डेटाबेस म्हणतात.

डेटा काढायला आणि पुसायला डीएल/वन नावाची भाषा होती. डिलीट करायचं तर आधी झाडाच्या मुळापासून वाट काढत ती नोंद शोधायची, ती ‘होल्ड’ करून वाचायची आणि मग डिलीटची आज्ञा द्यायची. त्या नोंदीखाली असलेलं सगळं तिच्यासोबत पुसलं जायचं.

रॉकेटसाठी हे ठीक आहे. इंजिनच रद्द झालं, तर त्याचे स्क्रू कशाला ठेवायचे? पण सूत म्हणजे व्यापाऱ्याचा स्क्रू नव्हे. व्यापारी गेला तरी सूत राहतं. शिवाय तेच सूत दोन व्यापारी देत असतील, तर ते दोन फांद्यांवर दोनदा लिहावं लागतं. एकीकडे दुरुस्ती केली आणि दुसरीकडे विसरली, की हिशेब चुकलाच. आणि झाडाची रचना बदलली, तर वाट तोंडपाठ असल्यासारखे लिहिलेले प्रोग्रॅम बंद पडायचे.

साधी टेबलं

कॉड यांनी 1969 मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात आणि 1970 मध्ये जाहीर शोधनिबंधात वेगळा मार्ग मांडला. झाड नको, टेबलं करा. आमच्या कारखान्याचं उदाहरण घेतलं तर व्यापाऱ्यांचं एक टेबल, सुताचं दुसरं, आणि कोण कोणतं सूत किती भावाने देतो याचं तिसरं. टेबलं एकमेकांना जोडायला ‘फॉरेन की’. आता व्यापारी काढला की त्याची आणि त्याच्या पुरवठ्याची नोंद जाते, सुताचा काउंट मात्र जागेवर राहतो.

याच कल्पनेवर आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एक क्वेरी भाषा तयार केली. तीच आजची एसक्यूएल. ‘डिलीट फ्रॉम’नंतर टेबलाचं नाव आणि ‘व्हेअर’नंतर अट लिहायची. वाट शोधायचं काम डेटाबेसचं.

जोडलेल्या नोंदींचं काय करायचं, तेही आता आपणच ठरवतो. ‘कॅस्केड’ लिहिलं तर त्याही जातात. ‘रिस्ट्रिक्ट’ लिहिलं तर त्या असेपर्यंत डेटाबेस डिलीट करूच देत नाही. आधी हा निर्णय झाडाची रचना घ्यायची, आता माणूस घेतो.

घरच्याच कंपनीत उशीर

आयएमएस चांगलं विकलं जात होतं, म्हणून आयबीएमने या कल्पनेचं प्रॉडक्ट करायला वेळ लावला. तेवढ्यात 1979 मध्ये ओरॅकल बाजारात आलं. आयबीएमचं पहिलं एसक्यूएल प्रॉडक्ट 1981 चं. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण एसक्यूएलवर ते स्वतः खूश नव्हते. आपली मूळ कल्पना त्यात पूर्ण उतरली नाही, असं त्यांचं मत होतं. 1984 मध्ये त्यांनी आयबीएम सोडली. खरा रिलेशनल डेटाबेस कशाला म्हणायचं याचे बारा नियम त्यांनी 1985 मध्ये जाहीर केले. 18 एप्रिल 2003 रोजी फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.

तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट्स आज एसक्यूलाईटमध्ये, म्हणजे कॉड यांच्या टेबलांतच असतात. झाडंही संपलेली नाहीत. फोल्डर्स आहेत, आणि जेसॉनचं झाड वापरणारे क्लाउड डेटाबेसही आहेत. तिथे वरची नोंद पुसली की खालचं सगळं जातं, अगदी माझ्या ॲपसारखं.

टेबलं असली तरी बेफिकीर राहू नका. ‘व्हेअर’ लिहायचं विसरलात, तर टेबलातल्या सगळ्या नोंदी साफ! म्हणून डिलीट चालवण्याआधी तीच अट ‘सिलेक्ट’ला लावून किती ओळी येतात ते बघा. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा दिसला, तर थांबा. मी आता दर वेळी हेच करतो. आणि हो, बॅकअपही घेतो.