बालगंधर्व : रूपाचे माप

स्त्रीने कसे दिसावे, हे महाराष्ट्राला एका पुरुषाने शिकविले. त्यांचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८ चा. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि मूळ नाव मागे पडले.

१९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर येणे तेव्हा समाजाला मान्य नव्हते. म्हणून नायिका पुरुषच रंगवीत. १९११ च्या ‘मानापमान’मधील भामिनीने रसिकांना वेड लावले. त्याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. तरीही प्रयोग थांबला नाही. समोरच्या प्रेक्षकांना भामिनीचे हसू दिसले, बापाचे काळीज दिसले नाही.

१९१३ साली गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी गाजली. उंची शालू, दागिने, अत्तरे यांवर पैसा पाण्यासारखा वाहिला. घरोघरच्या लेकीसुना त्यांची लुगडे नेसण्याची ढब, गजरा, नथ यांचे अनुकरण करू लागल्या. पहाटे उठून दळण दळणाऱ्या बाईने रंगभूषा केलेल्या नटाशी आपला चेहरा ताडून पाहावा, याहून विषम तुलना कोणती?

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली मुलगी. शिरूर काय, दौंड काय, घोडनदीपासून भीमेपर्यंत स्थळ आले की मुलीचा रंग आणि उंची आधी विचारतात, शिक्षण मागाहून. माझ्या चुलत बहिणीला केवळ सावळी म्हणून दोनदा नकार आला. आता आम्ही मोबाइलवर उजळलेल्या चेहऱ्यांशी स्वतःला ताडून पाहतो. म्हणून मला हे चरित्र जवळचे वाटते. ते माप मुळात सोंगाचे होते, हे त्यातून कळते.

स्वतः बालगंधर्वांनी मात्र नुसत्या रूपावर भिस्त ठेवली नाही. १९१९ च्या ‘एकच प्याला’मध्ये त्यांनी दारुड्या पतीची पत्नी सिंधू उभी केली. तेथे भरजरी शालू नव्हता, दारिद्र्याची कळा होती. तरी प्रेक्षक रडले.

पुढे काळ फिरला. १९३२ साली पहिला मराठी बोलपट आला, पडद्यावर खऱ्या स्त्रिया आल्या. मंडळी कर्जात बुडाली. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, पण त्यांचा जीव रंगभूमीवरच होता. उतारवयातही ते तरुण नायिका रंगवीत राहिले. देह सुटला होता. लोक त्यांची तुलना त्यांच्याच तारुण्याशी करू लागले. जगाला माप पुरविणाराही त्या मापातून सुटला नाही! गाण्यासाठी मात्र रसिक येत राहिले.

१९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले.

मैत्रिणींनो, शालू जीर्ण झाले, रंग पुसला गेला. उरला तो सूर, आणि तो त्यांनी रियाजाने कमावलेला होता. आपणही आरशापुढचा थोडा वेळ आपापल्या रियाजाला द्यावा. आणि पाहायला येणाऱ्यांनी रंगाआधी आपले शिक्षण विचारावे, एवढे मागण्याचे धाडस करावे.