ज्याच्या नावाने शिकागो टरकायचं, त्या अल कपोनचं आडनाव पोटच्या पोरानेच टाकून दिलं

१९४६ साल. अमेरिकेत मायामीजवळच्या पाम आयलंडवर एका आलिशान बंगल्यात एक माणूस राहत होता. वय अवघं ४७. डॉक्टरांनी तपासलं आणि निष्कर्ष काढला, की याची बुद्धी आता बारा वर्षांच्या मुलाएवढी उरली आहे.

वीस वर्षांपूर्वी याच माणसाच्या नावाने अख्खं शिकागो टरकायचं. हा होता अल कपोन.

कपोनचा जन्म १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. आईवडील इटलीहून आलेले, वडील न्हावी. चौदाव्या वर्षी त्याने शिक्षिकेवर हात उचलला आणि शाळा कायमची सुटली. पुढे तो एका गुंडाच्या बारमध्ये कामाला लागला. तिथे एका तरुणीला नको ते बोलला. तिच्या भावाने चाकू काढून त्याच्या डाव्या गालावर आणि मानेवर वार केले. तेव्हापासून त्याचं नाव पडलं स्कारफेस. या नावाची त्याला भयंकर चीड होती. फोटो काढताना तो डावा गाल लपवायचा आणि या जखमा युद्धातल्या आहेत अशी थाप मारायचा. प्रत्यक्षात तो युद्धावर कधी गेलाच नव्हता.

१९१८ मध्ये मे नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. मुलगा झाला, सनी. कानाच्या दुखण्यामुळे सनीला पुढे कमी ऐकू यायचं.

अशातच जॉनी टोरियो या डॉनने कपोनला शिकागोला बोलावून घेतलं. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. कायद्याने दारू बंद झाली, पण पिणारे काही थांबले नाहीत. चोरट्या दारूच्या धंद्यात अक्षरशः पैशांचा पाऊस पडायला लागला.

पण हिशोब दुसऱ्या बाजूनेही सुरू झाला होता. १९२४ मध्ये शिकागोला लागूनच असलेल्या सिसेरो गावच्या निवडणुकीत कपोनच्या टोळीने धुडगूस घातला. त्यात त्याचा सख्खा भाऊ फ्रँक पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पुढच्या वर्षी टोरियोवर गोळीबार झाला. तो वाचला, पण सगळा धंदा कपोनच्या हातात देऊन निघून गेला. गादीवर बसला तेव्हा कपोन २६ वर्षांचा होता.

१९२६ मध्ये तो जेवत असलेल्या हॉटेलवर विरोधी टोळीने मशीनगन चालवल्या. बॉडीगार्डने त्याला खाली पाडलं म्हणून जीव वाचला. त्यानंतर आजूबाजूला कायम बंदूकधारी आणि फिरायला चिलखती कॅडिलॅक. शहर त्याच्या खिशात होतं, पण त्या शहरात तो एकटा फिरू शकत नव्हता.

१४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोच्या एका गॅरेजमध्ये विरोधी टोळीशी संबंधित सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या. कपोन तेव्हा फ्लोरिडात होता आणि या प्रकरणात कुणालाही शिक्षा झाली नाही. पण संशय त्याच्यावरच होता. लोक खवळले आणि सरकारही हात धुऊन त्याच्या मागे लागलं.

खुनाचे पुरावे मिळत नव्हते, म्हणून अधिकाऱ्यांनी त्याच्या कमाईकडे मोर्चा वळवला. बेकायदा कमाईवरही इन्कम टॅक्स भरावा लागतो, हे सुप्रीम कोर्टाने १९२७ मध्येच स्पष्ट केलं होतं. जुगाराच्या अड्ड्यांच्या हिशोबाच्या वह्या सापडल्या. १९३१ मध्ये कपोनला ११ वर्षांची शिक्षा आणि ५०,००० डॉलर दंड झाला.

आधी अटलांटाचा तुरुंग, मग १९३४ मध्ये समुद्रातलं अल्कट्राझ. तिथे तो फक्त कैदी नंबर ८५ होता. १९३६ मध्ये एका कैद्याने त्याला कात्रीने भोसकलं.

खरा घाव मात्र आतून बसला होता. तरुणपणी जडलेला सिफिलिस हा गुप्तरोग मेंदूपर्यंत पोहोचला होता. तो भ्रमिष्टासारखा वागू लागला. १९३९ मध्ये सुटका झाल्यावर उपचार झाले, पुढे पेनिसिलिनही मिळालं, पण तोवर उशीर झाला होता. २५ जानेवारी १९४७ ला, वयाच्या ४८ व्या वर्षी तो गेला. त्याची बायको मे शेवटपर्यंत सोबत होती.

कपोनचा सगळ्यात मोठा भाऊ कधीच नाव बदलून नेब्रास्कात दारूबंदी अधिकारी झाला होता. आणि १९६६ मध्ये, बाप जाऊन १९ वर्षं झाल्यावर, सनीने कायदेशीररीत्या कपोन हे आडनाव सोडलं आणि ब्राऊन हे साधंसुधं आडनाव घेतलं.

जे नाव मोठं करायला कपोनने आयुष्य घालवलं, ते त्याच्या एकुलत्या एका मुलालाच नको झालं होतं.