विश्लेषण : गणिताचे प्राध्यापक रंगनाथन ग्रंथपालांचे गुरू कसे झाले?

दरवर्षी १२ ऑगस्टला राज्यातील अनेक महाविद्यालयांत ग्रंथपाल दिन साजरा होतो. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, पुस्तकांचे प्रदर्शन भरते. पण ज्यांच्या नावाने हा दिवस पाळला जातो, त्यांना सुरुवातीला ग्रंथपालाची नोकरी अजिबात आवडली नव्हती. ते या कामात का टिकले आणि त्यांनी काय बदलले, हे समजून घेऊ.

रंगनाथन कोण होते?

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतातील तंजावर जिल्ह्यात शियाळी येथे झाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधून गणितात एम.ए. केल्यावर १९१७ पासून त्यांनी मंगळूर, कोइम्बतूर आणि मद्रासच्या सरकारी महाविद्यालयांत गणित शिकवले. बोलताना त्यांना अडखळायला होई, तरी त्यावर मात करून ते वर्गात रमले होते.

नको असलेली नोकरी कशी मिळाली?

मद्रास विद्यापीठाला पहिला ग्रंथपाल हवा होता. अर्जदारांपैकी कोणीही ग्रंथालयाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. संशोधनाची पार्श्वभूमी असल्याने निवड रंगनाथन यांची झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले. मात्र विद्यार्थ्यांच्या गजबजाटातून आलेल्या माणसाला तो एकांत सहन होईना. काही आठवड्यांतच त्यांनी परत शिकवायला जाऊ द्या, अशी विनंती केली. विद्यापीठाने तोडगा काढला : आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचे काम शिका, तरीही मन रमले नाही तर परत या.

लंडनमध्ये काय घडले?

युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी शिक्षण घेतले, क्रॉयडनचे ग्रंथपाल बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली काम पाहिले आणि शंभराहून अधिक ग्रंथालये पालथी घातली. तिथे मुले आणि कामगारही ग्रंथालयात येत आणि त्यांना हवे ते पुस्तक शोधून द्यायला माणसे असत. मद्रासमध्ये जी नोकरी पुस्तके राखण्याची वाटली होती, ती मुळात माणसांशी बोलण्याची आहे, हे त्यांच्या लक्षात आले. इथे त्यांच्यातला शिक्षक पुन्हा जागा झाला.

खेळण्यावरून वर्गीकरण कसे सुचले?

१८७६ मधील ड्युई दशांश पद्धतीत विषयांची यादी आधीच ठरलेली असते. नवा किंवा अनेक विषयांत अडकलेला ग्रंथ आला की तो कुठेतरी कोंबावा लागतो. लंडनच्या एका दुकानात रंगनाथन यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके, नट-बोल्ट तेच, पण जोडणी बदलली की वस्तू नवी. विषयही असेच जोडता येतील, असे त्यांना वाटले.

उदाहरणार्थ, १९५० मध्ये भारतात फुप्फुसाच्या क्षयरोगावर क्ष-किरणांनी केलेले उपचार, हा विषय घ्या. यात अवयव, आजार, उपचार, देश आणि वर्ष असे सुटे भाग आहेत. प्रत्येक भागाला वेगळे चिन्ह द्यायचे आणि ती विरामचिन्हांनी जोडायची. यालाच कोलन किंवा द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. आज शॉपिंग अ‍ॅपवर आपण ब्रँड, किंमत आणि रंगाचे फिल्टर लावतो, त्यामागे एका वस्तूकडे अनेक पैलूंनी पाहण्याचाच विचार आहे.

विद्यार्थ्यांसाठी काय बदलले?

१९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी कपाटे वाचकांना खुली केली. चिठ्ठी देऊन खिडकीपाशी ताटकळण्याऐवजी विद्यार्थी स्वतः पुस्तक हाताळू लागले. प्रश्न घेऊन येणाऱ्याला मदत करण्यासाठी खास संदर्भ सेवा सुरू झाली. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडले. त्यांचा सारांश असा : पुस्तके साठवण्यापेक्षा वापरली जावीत, वाचक आणि त्याला उपयोगी पुस्तक यांची गाठ पडावी, त्यात वाचकाचा वेळ वाया जाऊ नये आणि वाढत्या गरजांप्रमाणे ग्रंथालयानेही बदलत राहावे.

नंतरची वाटचाल कशी होती?

मद्रासनंतर १९४५ ते १९४७ या काळात बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण केले. पुढे दिल्ली विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण उभे केले. त्यांनी पाठपुरावा केलेला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा मद्रासमध्ये १९४८ मध्ये झाला. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ मध्ये आला. त्यांना १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. १९६२ मध्ये बंगळूरुला त्यांनी प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केले. आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले. त्यातून पत्नी शारदा यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन सुरू झाले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरु येथे त्यांचे निधन झाले.

मोबाइलच्या काळात याचा काय उपयोग?

आता कपाट उघडायचा प्रश्न उरला नाही, पण शोधायचा आहे. देशभरातील पीएचडी प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर मोफत वाचता येतात. याच केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेत सहभागी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना ई-पुस्तके आणि संशोधन पत्रिका खुल्या होतात. त्यासाठीचा लॉगिन साधारणपणे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातूनच मिळतो. तो घ्यायलाच कोणी गेले नाही, तर ही सगळी सामग्री कुलूपबंद कपाटासारखीच पडून राहते आणि प्रोजेक्टसाठी सर्चमध्ये वर दिसलेली पहिली पीडीएफ उचलली जाते.

कोणता शब्द टाकून शोधायचे, कोणती पत्रिका विश्वासार्ह, संदर्भ कसा नोंदवायचा म्हणजे वाङ्मयचौर्य होणार नाही, हे सांगणारा माणूस आजही ग्रंथालयातच बसतो. रंगनाथन यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या कामासाठी गणिताचा वर्ग सोडला, ते हेच. तेव्हा पुढच्या प्रोजेक्टला बसण्याआधी एकदा ग्रंथपालांना भेटून लॉगिन मागून घ्या आणि आपला विषयही त्यांना सांगा.